पुढे काय झाले?

सावद्याच्या शिवारात केळीचा घड पाहून बागेची पारख करणारी जाणती माणसे पुष्कळ आहेत. परंतु घडाची एक सुटी फणी हाती देऊन, 'हिच्यावरून सगळी बाग कशी होती ते सांगा,' असे कोणी म्हटले, तर त्यांतला जाणकारही हसेल. नाटक आणि कादंबरी शिकवताना मात्र आपण मुलांकडून नेमकी हीच अपेक्षा करीत असतो. चार-पाच पानांचा उतारा द्यायचा आणि त्यावर पात्राचे स्वभावचित्र, लेखकाचा दृष्टिकोन व कलाकृतीचा संदेश लिहावयास सांगायचे, ही आपली रीत झाली आहे.

परिचयाच्या एका घरी आम्ही बसलो असता अकरावीतील कन्या नाट्यउतारा वाचत होती. वडिलांनी विचारले, "पाठ झालं का?" ती म्हणाली, "झालं, पप्पा. पण पुढे काय झालं ते यात नाहीच." वडील सहज म्हणाले, "ते परीक्षेत विचारणार आहेत का?" मुलीने पुस्तक मिटले. या लहानशा संवादात वाङ्मयशिक्षणाचे सारे दुखणे आले आहे, असे आम्हांस वाटते. मुलीचा प्रश्न रसिकाचा होता. आपण तिला उत्तर दिले ते परीक्षार्थ्याचे.

पाठ्यपुस्तकाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. २०१९ साली आलेल्या अकरावीच्या 'युवकभारती'त नाटक या साहित्यप्रकाराला स्वतंत्र विभाग मिळाला आणि 'हसवाफसवी', 'ध्यानीमनी' व 'सुंदर मी होणार' या तीन नाटकांतील वेचे त्यात आले. पुढल्या वर्षीच्या बारावीच्या पुस्तकात असाच विभाग कथेला मिळाला. साहित्यप्रकार म्हणून काही शिकवावे, हा विचार स्वागतार्हच होता. कादंबरीला मात्र या दोन पुस्तकांत असे दालन लाभले नाही. पाठ्यपुस्तकाची पाने मोजकी असतात, हे खरे. म्हणूनच वेचा हे दार आहे, घर नव्हे, ही जाणीव मुलाला देणे शिक्षकांच्या आणि पालकांच्या हाती राहते.

'सुंदर मी होणार' हेच उदाहरण घेऊ. पु. ल. देशपांडे यांचे हे नाटक १९५८ साली रंगभूमीवर आले. त्याचा मूळ आधार रुडॉल्फ बेझिए यांचे, कवयित्री एलिझाबेथ बॅरेट हिच्या जीवनावरील इंग्रजी नाटक. पुलंनी ते संस्थाने विलीन झाल्यानंतरच्या एका राजवाड्यात आणले. महाराजांचे राज्य गेले आहे. उरली आहेत ती मुले, आणि त्यांच्यावर चालणारी सत्ता. थोरली दीदी चालू शकत नाही. ती कविता लिहिते. केवळ उतारा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला दीदी ही एक दुर्दैवी, हळवी मुलगी वाटते, आणि 'अपंगत्वावर मात' असे दोन शब्द लिहून तो मोकळा होतो. सबंध नाटक वाचले म्हणजे ध्यानात येते की, तिचे पांगळेपण पायांत थोडे आणि त्या घराच्या भीतीत अधिक आहे. महाराज खलपुरुष नाहीत. आपण मुलांच्या हितासाठीच हे करतो, असे त्यांना मनापासून वाटते. नाटकाची खरी धार इथे आहे. प्रेमाच्या नावाने माणूस आपल्याच लेकरांना किती जखडून ठेवू शकतो, हे पाहून कोणताही बाप क्षणभर अस्वस्थ होईल. आता सांगा, हे 'पुढे काय झाले' आमच्या त्या स्नेह्यांनी लेकीबरोबर वाचले असते, तर ते परीक्षेबाहेरचे ठरले असते काय?

दुसरे उदाहरण खानदेशाशी नाते सांगणारे. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. या पुस्तकाची एखादी 'रात्र' धडा म्हणून वाचली नाही, असा मराठी विद्यार्थी विरळा. पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारीत बाहेर काढते, हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. एवढाच भाग वाचला की 'मुलाने धीट व्हावे' हा बोध काढून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण त्याच दिवशी त्या आईचे डोळे भरून येतात. आणि पुस्तक पुढे जाते तसे घराचे दारिद्र्य वाढते, कर्ज वाढते, आई झिजत जाते व अखेरच्या घटकेला तिचा श्याम जवळ नसतो. हा शेवट माहीत असलेल्या वाचकाला पहिल्या प्रसंगातली आई निराळी दिसते. तिने मुलाला पाण्यात का ढकलले, ते त्याला शेवटी कळते. मागे फिरून पुन्हा समजून घेणे, हा कादंबरीसारख्या दीर्घ लेखनाचा खास गुण होय. तो उताऱ्यात येऊच शकत नाही.

तिसरे पुस्तक तर आपल्या अंगणातले. सावदा रावेर तालुक्यात; शेजारच्याच यावल तालुक्यातील सांगवी येथे १९३८ साली भालचंद्र नेमाडे यांचा जन्म झाला. वयाच्या पंचविशीत, १९६३ साली, त्यांची 'कोसला' प्रसिद्ध झाली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्यास शिकावयास जातो, वसतिगृहात राहतो, नाना उद्योगांत वडिलांचा पैसा घालवतो, परीक्षेत अपयशी ठरतो आणि गावी परततो. 'अशा मुलाची गोष्ट मुलांच्या हाती कशाला द्यावी? त्यात घेण्यासारखे काय आहे?' असे पालक आम्हांस विचारतात. शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यावयास हवे.

दूर देशी जाऊन बापाची संपत्ती उडवणारा आणि रित्या हातांनी घरी येणारा मुलगा आपल्याला नवा नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात तो आपण लहानपणापासून भेटत आलो आहोत. नेमाड्यांनी तो दाखला डोळ्यांपुढे ठेवला, असे आमचे म्हणणे नाही. पण ख्रिस्ती वाचकाच्या मनात ही दोन चित्रे शेजारी आल्यावाचून राहत नाहीत, आणि मग त्यांतील भेदही दिसतो. दाखल्यातील बाप दुरूनच धावत येतो. पांडुरंगाच्या वाट्याला तशी मिठी नाही. बाप-लेकांत अबोला, राग आणि व्यवहार आहे. धाकट्या मनीच्या देवीच्या आजाराने झालेल्या मृत्यूने तो मुळापासून हादरतो, आणि त्या दुःखाला घरात कोणाजवळ भाषा नाही. ही कादंबरी वागणुकीचा कित्ता म्हणून लिहिलेलीच नाही. शिकायला पाठवलेला मुलगा आतून कसा एकटा पडतो, हे ती दाखवते. आजही आपल्या भागातील कितीतरी घरांतून मुले पुण्या-मुंबईस शिकावयास जातात. त्यांच्या आईबापांनी तरी 'कोसला' जरूर वाचावी. अकरावी-बारावीच्या वयात ती थोडी जड जाईल, तिचा तिरकस विनोद निसटेल, हे आम्ही मान्य करतो. जाणत्या माणसाची सोबत असेल तर तीही अडचण राहणार नाही.

इथे आपल्या घरातल्या एका पुस्तकाविषयीही निःपक्षपातीपणे बोलले पाहिजे. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचे नाव व साल आपली मुले पाठ करतात आणि लेखक ख्रिस्ती असल्याचा अभिमानही बाळगतात. पुस्तक मात्र कोणी उघडत नाही. उघडले तर दिसेल की, धर्मोपदेशाच्या भागात ते आज रेंगाळते. त्याचे बळ आहे ते प्रवासात यमुनेला भेटणाऱ्या विधवांच्या हकिकतींत. त्या स्त्रिया बोलू लागल्या की लेखकाचा उपदेश मागे पडतो आणि माणसांचे दुःख पुढे येते. आपल्या माणसाच्या पुस्तकातही गुण-दोष पाहता येणे, हीच वाङ्मयाच्या अभ्यासाची खरी कसोटी.

शिक्षकांची बाजू आम्ही जाणतो. वर्ग भरलेले, तासिका मोजक्या, परीक्षा डोक्यावर. सबंध नाटक वर्गात वाचणे त्यांना शक्य होईलच असे नाही. मग ते घरी का होऊ नये? नाटक तर मोठ्याने वाचण्यासाठीच असते. सुटीत दोन-तीन कुटुंबांनी एकत्र यावे, भूमिका वाटून घ्याव्यात आणि रोज एक प्रवेश वाचावा. 'सुंदर मी होणार' घेतले, तर महाराजांची वाक्ये घरातील सर्वांत मवाळ बापाने वाचावीत. आपल्या तोंडून ती किती सहज निघतात, हे पाहून त्यालाच नवल वाटेल. कादंबरीसाठी रात्रीच्या प्रार्थनेनंतरची पंधरा मिनिटे पुरतील. याने गुण वाढतील की नाही, त्याची हमी आम्ही देत नाही. मुलाला स्वतःचे मत मात्र सापडेल, आणि गाइडमधील उत्तर त्याला तोकडे वाटू लागेल.

वर सांगितलेल्या दाखल्याचा शेवट वाचकांनी पुन्हा एकदा काढून पाहावा. धाकटा घरात आला आहे, आत आनंद चालू आहे, थोरला रुसून दाराबाहेर उभा आहे आणि बाप त्याची समजूत घालीत आहे. दाखला तिथेच थांबतो. थोरला आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. ऐकणाऱ्याने तो प्रश्न घेऊन घरी जावे, अशीच ती योजना दिसते. तेव्हा आपल्या मुलाने पुस्तकातून मान वर करून 'पुढे काय झाले?' असे विचारले, तर परीक्षेचे नाव काढून त्याला गप्प करू नये. ते पुस्तक मिळवावे, आणि त्याच्याशेजारी बसून वाचावे.