अपेक्षाक्षितिज आणि अस्थिर संहिता

हान्स रॉबर्ट याउस यांच्या मते वाचकाचे अपेक्षाक्षितिज पूर्वपरिचित कृतींतून घडते आणि त्याचा भंग कलामूल्याचे गमक ठरू शकतो. २०१६ मधील ‘नो मॅन्स स्काय’ या व्हिडिओ गेमने केलेला अपेक्षाभंग या चौकटीत मावत नाही. तेथे क्षितिज घडले ते मुख्यतः पूर्वप्रसिद्धीतून. १८ वर १८ शून्ये इतके ग्रह लाभले. पण एकाच ग्रहावर, एकाच स्थळी पोचलेले दोन खेळाडू परस्परांना दिसेनात. ही उणीव २०१८ मध्ये दूर झाली. याउस यांच्या विवेचनात संहिता स्थिर राहते, क्षितिज बदलते. येथे संहिताच क्षितिजाकडे सरकली. म्हणून सुधारित संहितेच्या आधारे मूळ निराशेला उतावीळ ठरविणे अनैतिहासिक होय. तो अपेक्षाभंग वेगळ्याच संहितेचा होता; समीक्षेने त्याची नोंद राखली पाहिजे.