वॅट किती आणि डग्गा कुठे?

शनिवारी रात्री कोणाकडे जेवायला गेलो, की श्रीखंड संपता संपता यजमान हळूच विचारतात, "जरा खाली बेसमेंटात येता का? नवी सिस्टिम घेतलीय." खाली गेल्यावर आधी आकडा ऐकायला मिळतो, आवाज नंतर. "हजार वॅट!" मग एखाद्या युद्धपटातला स्फोट लावला जातो, सोफा हादरतो, वर स्वयंपाकघरात कपबशा किणकिणतात, आणि आपण सारे "वा!" म्हणतो.

माझी खोड अशी, की मी त्यानंतर तबला ऐकवायला सांगतो. गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांकडे हेच झाले. विलंबित एकतालाचा ठेका सुरू झाला आणि डग्ग्याचा प्रत्येक 'धिं' वरच्या मजल्यावर कोणी धान्याचे पोते टाकावे तसा येऊ लागला. घुमारा होता, नको इतका होता. पण मनगट दाबून वादक जो स्वर वर चढवतो, तो काही केल्या कानी पडेना. यजमानांचे निदान तयार होते : "अॅम्प्लिफायर कमी पडतोय. अजून मोठा हवा."

या निदानाशी माझे भांडण आहे.

वॅट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होतो, अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात दुप्पट वॅटने वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. शंभर वॅटचा यंत्रराज विकून दोनशेचा घरी आणणाऱ्याच्या पदरात जे पडते, ते आवाजाचे बटण किंचित फिरवण्याइतकेच.

शिवाय डग्ग्याला लागते तरी काय? त्याचा मूळ नाद शंभर हर्ट्झच्या मागेपुढे असतो. चित्रपटातले स्फोट वीस-तीस हर्ट्झपर्यंत खाली उतरतात, ती गोष्ट निराळी. एक सप्तक खाली जाऊन तेवढाच आवाज काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते. छोट्या पेटीतल्या छोट्या पडद्याची तिथे दमछाक होते. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला 'एच' ज्यांचा, त्या हॉफमन यांच्या नावाने या धंद्यात एक नियम सांगतात : खोल बास, लहान पेटी आणि थोडक्या वॅटमध्ये भागणे, या तिन्हींपैकी दोनच मिळतील. आपल्याला दिवाणखान्यात पेटी दिसायला नको असते आणि भूकंपही हवा असतो. मग किंमत वॅटमध्ये मोजावी लागते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या ओळखीच्या घरांतच होते : अमर बोस यांचा ९०१. फिलाडेल्फियात जन्मलेल्या, एमआयटीत शिकलेल्या आणि तिथेच शिकवणाऱ्या या बंगाली बापाच्या मुलाने १९६८ साली हा स्पीकर बाजारात आणला, आणि आपल्यापैकी अनेकांनी तो निम्मा अभिमानापोटी घेतला. नऊ पडदे, प्रत्येक चार इंची. एक श्रोत्याकडे तोंड करून, आठ मागच्या भिंतीकडे. कल्पना अशी, की सभागृहात बहुतेक आवाज भिंतींवरून परतूनच कानी येतो, तसाच तो घरातही यावा. तानपुरा त्यावर सुरेख पसरे; खोलीभर जणू अत्तर शिंपडलेले. पण गवई मात्र भिंतीएवढा रुंद होऊन बसे, आणि तबल्याच्या किनारीची धार माझ्या कानाला नेहमी बोथट लागली. चार इंची पडद्यांकडून बास काढायला सोबत एक इक्वलायझर दिलेला असे. तो खालचे स्वर मुद्दाम उचलून धरी. १० डेसिबल उचलायचे म्हणजे त्या स्वरांना दहापट वॅट. तेव्हा ९०१ला दणकट अॅम्प्लिफायर हवा, हे म्हणणे अगदी खरे होते. चूक झाली ती पुढे : एका स्पीकरची गरज आपण सगळ्या स्पीकरांची मानली.

आणि आकडा तरी कोणता मानायचा? १९६० नंतरच्या दशकात कंपन्या मनाला येईल तो वॅट छापत. शेवटी १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला. पुढे पाच-सात स्पीकरांचे रिसीव्हर आले आणि त्या नियमाला पुन्हा पळवाटा फुटल्या. एकाच स्वरावर, दहा टक्के विकृती चालवून घेऊन काढलेला आकडाही खोक्यावर दिमाखाने झळके. २०२४ साली कमिशनने नियम घट्ट केला : मुख्य आकडा द्यायचा तर ८ ओमवर, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती एक टक्क्याच्या आत. खोके वाचताना एवढे तीन आकडे शोधावेत. ते नसतील तर हजार हा शब्द शोभेचा समजावा.

आता स्नेह्यांच्या बेसमेंटाकडे परत येतो, कारण खरा अपराधी तिथे होता आणि त्याची किंमत शून्य डॉलर होती. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. चौदा फूट लांबीच्या खोलीत ४० आणि ८० हर्ट्झला लाट दोन भिंतींच्या मध्ये उभी राहते. आठ फुटी छताखाली तशीच ७० हर्ट्झला. म्हणजे ऐन डग्ग्याच्या शेजारात. ठरावीक स्वर फुगतात, रेंगाळतात आणि बाकीच्यांना गिळतात. अशा खोलीत वॅट वाढवले तर फुगलेला स्वर आणखी फुगणार. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर ही सूज सर्वांत जास्त, आणि कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर तिला खतपाणी घालतो. यजमानांकडे दोन्ही होते.

आम्ही दोघांनी सोफा तीन फूट पुढे ओढला, सबवूफर कोपऱ्यातून काढून भिंतीच्या मध्याकडे आणला आणि त्याचा आवाज बराच उतरवला. अॅम्प्लिफायरला हात लावला नाही. तोच ठेका पुन्हा लावला. चौथ्या आवर्तनात डग्ग्यावरची मींड वर चढताना स्वच्छ ऐकू आली, आणि यजमानांनी न बोलता रिमोट खाली ठेवला.

वहिनींना मात्र खोलीच्या मधोमध आलेला सोफा पसंत नाही. पाहुणे यायचे असले की तो पुन्हा भिंतीला जातो, असे परवा फोनवर कळले.