१९ टक्के, पण कुठल्या उन्हात?
ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनी रेणूंपासून केलेल्या सोलर सेलवरचे पेपर वाचताना एक गोष्ट खटकते. १९८६ साली चिंग टँग यांच्या सेलची कार्यक्षमता जेमतेम १ टक्का होती. आज आकडा १९च्या पुढे गेलाय. कौतुक आहेच. पण तो बहुतेकदा नखाएवढ्या सेलचा, २५ अंशाला मोजलेला असतो. मे महिन्यात सोनपेठला हवाच चाळिशी ओलांडते. छतावरचा पत्रा त्याहून तापतो. अशा उष्णतेत सेलमधल्या दोन पदार्थांचं बारीक मिश्रण हळूहळू विलग होतं आणि वीज घटते. सिलिकॉन पॅनलला २५ वर्षांची वॉरंटी मिळते. पातळ, गुंडाळून नेता येणारा सेल आपल्याकडे हवाच आहे. पण मग टक्क्यांशेजारी 'किती तापमानात, किती तास टिकला' हेही ठळक छापा की!