अल्पसंख्य कोण, हें कोणी ठरवावें ?
(अप्पर सायलेशियाचा दाखला व पदव्युत्तर अभ्यासाची रीत)

अल्पसंख्य समाजांविषयींचें राज्याचें धोरण हा विषय आतां विद्यापीठांच्या पदव्युत्तर वर्गांत स्थिर झाला आहे. राज्यशास्त्र, कायदा, समाजशास्त्र व इतिहास या चारहि शाखा त्यावर आपापला हक्क सांगतात, आणि चौघांच्या या ओढाताणींत इतिहासाच्या वांट्यास पुष्कळदां प्रस्तावनेचीं दोन पानें तेवढीं येतात. १९१९ चे करार झाले, राष्ट्रसंघानें ते राबविण्याचा यत्न केला, दुसऱ्या महायुद्धांत ते बुडाले, पुढें मानवी हक्कांचें युग आलें, इतकें सांगून विद्यार्थी सिद्धांताकडे वळतो. विल किम्लिका यांच्या बहुसांस्कृतिक नागरिकत्वावरील १९९५ च्या ग्रंथांतील भेद त्यास तोंडपाठ असतात : राष्ट्रीय अल्पसंख्य वेगळे व स्थलांतरितांचे गट वेगळे, बाहेरच्या दडपणापासून गटाचें संरक्षण वेगळें व गटानें आपल्याच माणसांवर घातलेले निर्बंध वेगळे. हे भेद उपयोगी आहेत, ते टाकून द्यावे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ते लावण्यापूर्वीं गट कोणता व त्यांत कोण मोडतो, हें ठाऊक असावें लागतें. तें ठाऊकच आहे असें धरून चालणारा अभ्यास आमच्या मतें दुसऱ्या प्रकरणापासून सुरू होतो. पहिलें प्रकरण वाचावयाचें राहून जातें.

तें पहिलें प्रकरण जेथें कागदोपत्रीं उत्तम सांपडतें असा एक मुलूख म्हणजे अप्पर सायलेशिया. कोळशाच्या खाणी व लोखंडाच्या भट्ट्या यांमुळें जर्मनी व पोलंड या दोघांसहि तो हवा होता. १९१० च्या प्रशियन जनगणनेंत तेथील बहुसंख्य लोकांची भाषा पोलिश अशी नोंद झाली होती. तरी २० मार्च १९२१ रोजीं लोकमत घेतलें तेव्हां जर्मनीच्या बाजूनें सुमारें ७,०७,००० व पोलंडच्या बाजूनें सुमारें ४,७९,००० मतें पडलीं. तेथें जन्मून बाहेर राहणारे लोकहि मतास आले होते व त्यांचा कल बहुतेक जर्मनीकडे होता, ही गोष्ट हिशेबांत धरली पाहिजे. पण ती धरूनहि एक गोष्ट उरतेच. घरांत पोलिश बोलणाऱ्या पुष्कळ कुटुंबांनीं जर्मनीस मत दिलें. भाषेवरून निष्ठा ओळखावी, या समजुतीस तेथें प्रत्यक्ष मतपेटीनें उत्तर दिलें. त्या लोकांची बोली पोलिशच्या कुळांतील, पण जर्मन शब्दांनीं भरलेली. जर्मन लोक तिला हेटाळणीनें पाणचट पोलिश म्हणत. सीमेवरील बोलीस दोन्हींकडून अशीं नांवें मिळतात, हें आमच्या वाचकांस नवें नाहीं.

मुलुखाची फाळणी झाली. १५ मे १९२२ रोजीं जिनीव्हा येथें जर्मनी व पोलंड यांमध्यें करार झाला. त्याचीं कलमें ६०६ व मुदत पंधरा वर्षें. काटोविट्से येथें मिश्र आयोग बसला. त्याचे अध्यक्ष स्वित्झर्लंडचे माजी राष्ट्राध्यक्ष फेलिक्स कालोंडेर हे होते. बॉयटन येथें लवाद-न्यायाधिकरण बसलें. त्याचे अध्यक्ष जॉर्ज काकेनबेक. अल्पसंख्यांसंबंधींच्या कलमांत ७४ वें व १३१ वें हीं दोन आमच्या विषयाच्या मुळाशीं आहेत. ७४ व्यानें असें ठरविलें कीं, एखादा मनुष्य अमुक अल्पसंख्य समाजाचा आहे कीं नाहीं, याची शहानिशा अधिकाऱ्यांनीं करूं नये व त्यावर वादहि घालूं नये. १३१ व्यानें असें ठरविलें कीं, विद्यार्थ्याची भाषा कोणती हें त्याच्या पालकानें सांगावें, आणि तें सांगणें तपासलें जाऊं नये.

हीं कलमें लिहिणारांस मोठें अनुभवज्ञान होतें असें आम्हांस वाटतें. तपासणी कोण करणार ? सरकार. आणि अल्पसंख्यांस संरक्षण हवें तें प्रायः सरकारपासूनच. ज्याच्यापासून रक्षण करावयाचें त्याच्याच हातीं द्वाराची किल्ली देणें हें या करारास मान्य नव्हतें. परंतु दुसरी बाजूहि तितकीच खरी होती. पालकाच्या शब्दावर सर्व सोंपविलें, म्हणजे खाणीचा मालक, घराचा धनी, उपदेशक किंवा प्रचारक यांपैकीं ज्याचें वजन अधिक त्याच्याकडे तो शब्द झुकण्याची भीति होती.

१९२६ सालीं ही भीति पुढें करूनच पोलिश अधिकाऱ्यांनीं जर्मन अल्पसंख्य शाळांसाठीं आलेल्या अर्जांची चौकशी आरंभिली आणि सात हजारांहून अधिक मुलांचे अर्ज नामंजूर केले. हीं मुलें जर्मन नव्हत, तीं पोलिश आहेत, असा सरकारपक्ष. तेथील जर्मनांच्या संघटनेनें कालोंडेर यांजकडे दाद मागितली. त्यांचें मत अर्जदारांच्या बाजूचें पडलें, पण पोलंडनें तें मानलें नाहीं व प्रकरण राष्ट्रसंघाच्या कौन्सिलाकडे गेलें. मार्च १९२७ मध्यें कौन्सिलानें तडजोड काढली कीं, वादग्रस्त मुलांची भाषा एका स्विस शिक्षणतज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. म्हणजे जी तपासणी करारानें निषिद्ध केली होती, ती करार राखणाऱ्या संस्थेनेंच अपवाद म्हणून चालूं दिली. सहा-सात वर्षांचें मूल परक्या गृहस्थापुढें उभें राहून जर्मन शब्द आठवीत आहे, आणि त्या उत्तरावर त्याचें राष्ट्र ठरत आहे, हें चित्र ज्याच्या डोळ्यांपुढें नाहीं त्यास १३१ वें कलम समजलें असें आम्ही म्हणणार नाहीं.

जर्मनी पुढें हेग येथील स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयांत गेला. २६ एप्रिल १९२८ च्या निवाड्यांत न्यायालयानें जो मार्ग काढला तो वरवर पाहतां विसंगत दिसतो. पालकाचें निवेदन हें इच्छेचें नसून वस्तुस्थितीचें असलें पाहिजे. मात्र एकाहून अधिक भाषा घरांत असतील तेथें कोणती मानावी, याबद्दल पालकास विचारास जागा आहे. आणि इतकें असूनहि तें निवेदन खरें कीं खोटें हें तपासण्याचा, त्यावर वाद घालण्याचा, किंवा दडपण आणण्याचा अधिकार सरकारास नाहीं. सत्य बोलण्याचें बंधन आहे, पण तें बंधन पाळलें कीं नाहीं हें पाहणारा कोणी नाहीं ! आमच्या वाचनांत आलेल्या एका प्रबंधांत याची गणना न्यायालयाच्या दुबळेपणांत केलेली आहे. आमचें मत उलट आहे. दोन धोक्यांपैकीं कोणता पत्करावा एवढाच प्रश्न न्यायालयापुढें होता, आणि खोट्या निवेदनापेक्षां सरकारी शहानिशा अधिक घातक, असा निर्णय त्यानें सावधपणें दिला. त्यांत उणें इतकेंच कीं, घरधन्याच्या किंवा मालकाच्या दडपणास या निवाड्यानें आळा बसत नाहीं.

करार निव्वळ कागदी होता, हाहि समज बरोबर नाहीं. १९३३ च्या मे महिन्यांत फ्रान्झ बेर्नहाइम या ग्लायविट्सच्या एका दुकानांतून ज्यू म्हणून काढलेल्या नोकरानें राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. नाझी सरकारच्या प्रतिनिधीनें पहिला आक्षेप कोणता घेतला ? अर्जदाराचा जन्म त्या मुलुखांतला नाहीं, म्हणून तो तेथील अल्पसंख्यांत मोडतच नाहीं, हा ! कायदेपंडितांच्या समितीनें तो फेटाळला, ६ जूनला कौन्सिलानें अहवाल स्वीकारला, आणि १५ जुलै १९३७ रोजीं कराराची मुदत संपेपर्यंत अप्पर सायलेशियाच्या जर्मन भागांतील ज्यूंविरुद्धचे कायदे थोपवून धरणें जर्मनीस भाग पडलें. चार वर्षें म्हणजे फार नव्हेत. पण ज्यांस तेवढ्यांत देश सोडतां आला त्यांस विचारावें. १९५५ मध्यें इनिस क्लॉड यांनीं राष्ट्रीय अल्पसंख्यांवर जो ग्रंथ लिहिला, तो राष्ट्रसंघाच्या व्यवस्थेचा पराभव समजून घेण्यास आजहि उत्तम आहे. परंतु तो राज्यांच्या उंचीवरून पाहतो. ग्लायविट्सच्या दुकानाइतकें खालीं उतरून पाहिल्यास जमाखर्च निराळा दिसतो.

आतां या मुलुखावरील ग्रंथांविषयीं. काकेनबेक यांनीं १९४२ सालीं आपल्या न्यायाधिकरणाच्या व एकंदर व्यवस्थेच्या कारभाराचें जें विस्तृत विवेचन प्रसिद्ध केलें, त्याच्या तोडीचें दुसरें नाहीं. या विषयाच्या विद्यार्थ्यानें तें आधीं वाचावें व सिद्धांत मागून वाचावा. त्यांत जो दोष आहे तो न्यायाधीशाच्या आसनाचा. त्या आसनावरून भांडण दिसतें तें प्रकरण होऊन पुढें आल्यावरच. जे पालक दडपणास भिऊन अर्ज करावयासच आले नाहींत, ते तेथून दिसत नाहींत. ही उणीव अलीकडील दोन ग्रंथ भरून काढूं पाहतात. जेम्स ब्यॉर्क यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तेथील कॅथलिक लोक जर्मनहि नव्हत व पोलहि नव्हत, असें प्रतिपादन केलें आहे. ब्रेंडन कार्च यांनीं २०१८ मध्यें ओपोल भागांतील लोकांच्या निष्ठा १८४८ पासून १९६० पर्यंत तपासल्या. राष्ट्रीयत्वाविषयीं लोक उदासीन असूं शकतात, हा या नव्या संप्रदायाचा मुख्य शोध. तो मोलाचा आहे; पण ब्यॉर्क यांची कथा फाळणीपाशीं थांबते, आणि कार्च मुख्यत्वें जर्मनीकडे राहिलेला भाग पाहतात. पोलंडकडे गेलेल्या भागांतील त्या सात हजार मुलांचे आईबाप या दोन्ही ग्रंथांच्या मधोमध पडतात. शिवाय उदासीन हा शब्द आम्हांस पुरता पटत नाहीं. आज या शाळेचा व उद्यां त्या शाळेचा अर्ज भरणारा खाणकामगार राष्ट्राविषयीं उदासीन असेल. मुलाच्या पोटापाण्याविषयीं तो उदासीन नव्हता.

करारानें त्यास दोनच रकाने दिले होते. तिसरा रकाना पोलंडच्या २००२ च्या जनगणनेंत लोकांनीं स्वतःच भरला : सुमारें १,७३,००० लोकांनीं आपलें राष्ट्रीयत्व सायलेशियन असें सांगितलें, व ही संख्या जर्मन म्हणविणारांहून अधिक निघाली. सायलेशियन राष्ट्रीयत्वाच्या लोकांचा संघ या नांवानें संस्था नोंदवूं पाहणारांस पोलिश न्यायालयांनीं नकार दिला होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें १७ फेब्रुवारी २००४ रोजीं तो नकार उचलून धरला. निवडणुकींत अल्पसंख्यांस मिळणाऱ्या सवलती या नांवामुळें संस्थेच्या पदरीं पडतील, ही पोलंडची मुख्य हरकत होती. पुढें मे २०२४ मध्यें सायलेशियन बोलीस प्रादेशिक भाषेचा दर्जा देणारें विधेयक राष्ट्राध्यक्षांनीं नाकारलें. शहानिशा करूं नये असें ज्या मुलुखांत १९२२ मध्यें लिहून ठेविलें, तेथेंच ऐंशीं वर्षांनीं द्वाराची किल्ली पुन्हां राज्याकडे आली, आणि तीहि युरोपच्या न्यायालयाच्या संमतीनें. १९९५ च्या युरोपीय करारांत प्रत्येकास स्वतःस अल्पसंख्य म्हणवून घेण्याचें वा न घेण्याचें स्वातंत्र्य दिलेलें आहे. पण समाज कोणते, ही यादी ज्या त्या राज्याकडेच राहते. किम्लिका यांच्या कोष्टकांत हा प्रश्न कोठें बसवावा, हें त्यांच्या अनुयायांनीं सांगावें.

आपल्याकडे हा वाद परका नाहीं. राज्यपुनर्रचनेबरोबर १९५६ मध्यें आपल्या घटनेंत ३५०-अ हें कलम आलें व भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळण्याची सोय करण्यास राज्यांस सांगण्यांत आलें. बेळगांवकडील मराठी शाळांच्या वादांत हें कलम किती वेळां उच्चारलें गेलें असेल याची गणति नाहीं. मुलाची मातृभाषा कोणती हें कोणी ठरवावें, याचें उत्तर त्या कलमांत नव्हतें. तें ६ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें कर्नाटकाच्याच एका प्रकरणांत दिलें : तें पालकानें ठरवावें, राज्यानें नव्हे. हेगच्या निवाड्याशीं याचें साम्य उघड आहे. पण एक भेद विद्यार्थ्यांनीं नजरेआड करूं नये. हेगला वस्तुस्थितीचें बंधन तरी होतें. दिल्लीस पालकाची निवड हीच वस्तुस्थिति झाली. आणि हें प्रकरण इंग्रजी माध्यमाच्या शाळांचें होतें. मराठीस कन्नडपासून राखणारी तीच ढाल मराठीपासून इंग्रजीकडे जाणाऱ्या पालकासहि तितकीच उपयोगी पडते. या निवाड्याचा सीमाभागांतील मराठी शाळांच्या पटावर काय परिणाम झाला, यावर कोणी तरी प्रबंध लिहावा.

त्यासाठीं साधनें लागतील. शाळेच्या जनरल रजिस्टरांत मुलाच्या नांवासमोर मातृभाषा लिहिलेली असते, आणि बेळगांव, निपाणी, खानापूर या भागांतील जुनीं रजिस्टरें पाहिल्यास एकाच घरांतील दोन भावंडांपुढें दोन भाषा लिहिल्याचें कोठें आढळतें कीं काय, आढळल्यास कोणत्या सालीं, व तें लिहिणारा पालक होता कीं मुख्याध्यापक, एवढें जरी हातीं आलें तरी पुष्कळ उलगडेल. पट घटून शाळा मिटतात तेव्हां त्यांचीं दप्तरें कोठें जातात, याची चौकशी मंडळाच्या त्या भागांतील सभासदांनीं करून आम्हांस कळवावी.