‘वस्ती बिघडली’ : एका कर्ताहीन वाक्याचे वाचन

१

वस्तीच्या बदलाविषयी बोलताना मराठीत दोन क्रियापदे हमखास वापरली जातात : ‘बिघडणे’ आणि ‘सुधारणे’. नाका बिघडला, पेठ बिघडली, गाव सुधारले. दोन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. ती बदलाची नोंद घेतात, पण तो कोणी घडवला हे सांगण्याची जबाबदारी टाळतात. दूध नासावे तशी वस्ती नासते, जणू हा केवळ काळाचा धर्म आहे. ‘बिघडवणे’ हे सकर्मक रूप भाषेत उपलब्ध असताना ते वस्तीच्या संदर्भात सहसा वापरले जात नाही, आणि वापरले गेले तर त्याच्या कर्त्याच्या जागी नव्याने आलेला, परका, भाडेकरू माणूस येतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, सुरक्षितता हा वस्तीचा गुण म्हणून आपल्या साहित्यात वर्णिला जात असला, तरी प्रत्यक्षात तो निवेदकाच्या जागेचा गुण असतो. वस्ती सुरक्षित होती, असे म्हणणारा आवाज त्या वस्तीत कोठे उभा होता, हे तपासल्याखेरीज ‘पूर्वी’ आणि ‘आता’ या जोडीला अर्थ प्राप्त होत नाही. हा प्रश्न केवळ कथनशास्त्राचा नाही. वस्तीच्या ऱ्हासाची जी कथा समाज स्वतःला सांगतो, तिच्यावरून कोणाला घर भाड्याने द्यायचे, कोणत्या भिंती बांधायच्या आणि कोणाकडे संशयाने पाहायचे, हे ठरत असते.

या प्रश्नाचे आजचे स्थळ म्हणून मुळशी तालुक्यातील कासार आंबोलीचा विचार करता येईल. पुण्याच्या चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि त्यापुढे कासार आंबोली येते. गावाच्या नावातच ‘कासार’ हा जातिव्यवसायवाचक शब्द आहे. आज या पट्ट्यात शेते, कारखाने, गृहसंकुले आणि मंगल कार्यालये एकमेकांना खेटून उभी आहेत. हे गाव की उपनगर, याचे उत्तर देणे कठीण आहे. अशा संधिस्थळाची कथा कोणत्या आकृतिबंधात सांगायची, याचे काही नमुने शहरी साहित्याने आधीच घालून दिले आहेत. म्हणून प्रथम त्यांच्याकडे वळणे आवश्यक आहे.

२

सुरक्षित वस्तीची मराठीतील सर्वांत परिचित प्रतिमा पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने (१९५८) दिली. या पुस्तकाचा बराचसा भाग विनोदाचा असला, तरी त्याचा शेवट चिंतनाने होतो. चाळ मोडकळीस येते, माणसे पांगतात, आणि आतापर्यंत ज्याची थट्टा झाली ते सामायिक जगणेच मौल्यवान ठरते. चाळीतील सुरक्षिततेचे रहस्य तिच्या रचनेत आहे. सामायिक गॅलरी, उघडी दारे, एक जिना, एक नळ. कोण आले, कोण गेले, कोणाकडे पाहुणा उतरला, हे सर्वांना ठाऊक असते. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ च्या आपल्या ग्रंथात रस्त्यावरच्या नजरांमुळे शहर सुरक्षित राहते असा सिद्धान्त मांडला. चाळीला तो वेगळा शिकवावा लागला नसता.

परंतु नजर ही दुधारी असते. जी नजर चोराला अडवते तीच उशिरा घरी येणाऱ्या मुलीचा हिशेब ठेवते. जी रात्री-अपरात्री आजाऱ्याला डॉक्टरकडे पोचवते तीच विजातीय भाडेकरूला जिन्यावरून परत पाठवते. राखण आणि पाळत ही एकाच क्रियेची दोन नावे आहेत. त्यांपैकी कोणते उच्चारले जाईल हे पाहणारा सांगतो की पाहिला जाणारा, यावर अवलंबून असते. ‘बटाट्याची चाळ’मधील निवेदक चाळकऱ्यांपैकीच एक आहे. त्यामुळे तो राखणीविषयी बोलतो. हा त्या पुस्तकाचा दोष नव्हे, ती त्याची मर्यादा आहे. दोष असेल तर तो त्या चिंतनाला समग्र मुंबईचे शोकगीत मानणाऱ्या आपल्या वाचनाचा.

या मर्यादेचे नेमके भान बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेने दिले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील ही शीर्षककथा मुळात राहण्याच्या जागेची कथा आहे, याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. नोकरीच्या गावी आसरा मिळावा म्हणून निवेदक जात लपवतो, आणि ती उघडकीस आल्यावर मार खातो. ज्या वस्तीत इतरांना कडी न लावता झोपता येते, तीच वस्ती त्याच्या जिवावर उठते. वस्ती तीच, काळ तोच, आणि तरीही तिच्या सुरक्षिततेविषयीची दोन विधाने परस्परविरुद्ध, आणि दोन्ही खरी. ‘पूर्वी सगळे सुरक्षित होते’ या वाक्यातील ‘सगळे’ हे सर्वनाम येथे कोसळते.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) पुढचे पाऊल टाकले. ज्या भागाला पांढरपेशे शहर ‘बिघडलेला’ म्हणून वळसा घालते, त्या भागाच्या आतून ही कविता बोलते. त्या वस्तीला चांगला भूतकाळच नाही. त्यामुळे तिच्याविषयी ऱ्हासाची कथा सांगताच येत नाही. संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना असावी, म्हणजे परक्या वाचकाला हात धरून आत नेणारा कोणी मध्यस्थ असावा, ही गोष्टही सूचक आहे. शहराचा एक भाग दुसऱ्या भागाला अनुवादाशिवाय वाचता येत नव्हता.

३

दोन टोकांच्या या निवेदकांमध्ये नाक्यावर उभा असलेला तिसरा निवेदक भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’त (१९६५) भेटतो. या पुस्तकावरचा वाद अश्लीलतेभोवती फिरत राहिला, आणि आचार्य अत्र्यांच्या हल्ल्याने तो गाजलाही. त्यामुळे त्यातील कथनाची खरी अडचण झाकली गेली. येथे वस्तीला धोका निर्माण करणारी टोळकीच वस्तीची कथा सांगते. पोक्याच्या बोलीतून नाका जिवंत होतो, त्याचे रिकामपण, त्याची भूक, त्याचा उर्मटपणा कळतो. तथापि नाक्यावरून जाणाऱ्या मुलीला तो नाका कसा दिसतो, हे त्या बोलीला सांगता येत नाही. पाध्ये यांनी ते सांगण्याचा आवही आणला नाही. नैतिक निवाडा टाळून त्यांनी वाचकालाच त्या नाक्यावर उभे केले. वाचकाला येणारी अस्वस्थता ही अश्लीलतेची नसते, आपण कोणाच्या बाजूने पाहत आहोत हे उमगल्याची असते.

पाध्ये यांनी नाक्याच्या रिकामपणाचे कारण शोधले नाही. ते जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने (१९९७) शोधले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप विधिवत मागे घेतला गेला नाही, आणि अनेकांना गिरणीत परतता आले नाही. ‘अधांतर’चे घर या संपानंतरच्या गिरणगावातले आहे. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटच्या नादात दिवस घालवतो, नरू गुंडगिरीकडे वळतो आणि त्यातच संपतो. ‘गिरणगाव बिघडले’ हे वाक्य बाहेरच्या शहरात उच्चारले जात असताना या नाटकाने त्याला कर्ता परत मिळवून दिला. गुन्हेगारी वस्तीच्या स्वभावातून उगवत नाही, तर पगार थांबलेल्या घरातून, भोंगा न वाजणाऱ्या सकाळीतून आणि जमिनीच्या चढत्या भावातून ती आकाराला येते.

येथे ‘अधांतर’ने केलेली एक निवड महत्त्वाची आहे. नाटककाराने खलनायक रंगमंचावर आणला नाही. त्याने एक खोली ठेवली, आणि तिच्यातल्या माणसांवर काळाने टाकलेला भार दाखवला. कर्ता व्यक्तिरूपात न देता प्रक्रियारूपात देणे ही कठीण गोष्ट आहे. ती साधली म्हणून या नाटकात हळहळ आहे, स्मरणरंजन नाही.

४

या पार्श्वभूमीवर मुळशीकडे परतू. १९९० च्या दशकाअखेर हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाचे संकुल उभे राहू लागले आणि तालुक्यातील जमिनीचा अर्थच बदलला. एकराने मोजली जाणारी शेती गुंठ्याने विकली जाऊ लागली, आणि ‘गुंठामंत्री’ हा उपहासवाचक शब्द रूढ झाला. या स्थित्यंतराची सर्वांत प्रभावी कथा एखाद्या कादंबरीने नव्हे, तर प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटाने सांगितली. चित्रपट हा साहित्यसमीक्षेचा विषय आहे काय, असा आक्षेप येथे येऊ शकेल. परंतु एका तालुक्याचे नाव गुन्हेगारीच्या वळणाचे विशेषण होते, तेव्हा ती घटना भाषेत घडलेली असते, आणि तिची दखल समीक्षेने घ्यावयासच हवी.

या चित्रपटातील सर्वांत समर्थ प्रतिमा राखणदाराची आहे. जमीन विकून पैसा उधळलेला बाप आपल्याच पूर्वीच्या जमिनीवर वॉचमन म्हणून उभा राहतो. सुरक्षिततेचे नवे व्याकरण या एका प्रतिमेत सामावले आहे : ज्याला बाहेर ठेवण्यासाठी भिंत बांधली त्यालाच तिच्या फाटकावर नेमले जाते. गावात ओळख हीच राखण होती. नव्या संकुलात अनोळखी राहण्याचा हक्क विकत मिळतो, आणि त्याची राखण पगारावर होते.

ही प्रतिमा गवसूनही चित्रपट तिच्यापासून दूर जातो. त्याचे कथानक ‘जमीन विकू नका’ या बोधाकडे धावते. कर्त्याची जागा येथे रिकामी राहत नाही, हे खरे. मात्र ती भरली जाते बापाच्या चुकीने आणि मुलाच्या सूडाने. जमीन विकत घेणारा, दर ठरवणारा, रस्ता आखणारा, परवाना देणारा यांची साखळी दिसते, परंतु बोधाचा भार विकणाऱ्यावरच पडतो. ‘अधांतर’ने प्रक्रियेला दिलेली जागा येथे पापाला मिळते. ही तुलना नाटक थोर आणि चित्रपट लोकप्रिय असे ठरवण्यासाठी नाही. ‘मुळशी पॅटर्न’ने तालुक्यातील तरुणांना स्वतःच्या बोलीत स्वतःची शोकांतिका दाखवली, आणि हे काम तोपर्यंत आपल्या साहित्याने केले नव्हते.

बोधाच्या या आकृतिबंधात आणखी एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे विक्रीपूर्वीचे गाव अखंड, सुरक्षित होते. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखवले की, इंग्रजी साहित्यातील प्रत्येक पिढी जुने ग्रामजीवन नुकतेच संपले असे सांगते, आणि त्याच्या शोधात मागे जावे तसे ते आणखी मागे सरकत जाते. मुळशीतही तेच घडते. माहिती तंत्रज्ञानाच्या आधीचे गाव म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो, त्याच्या कितीतरी आधी, १९२१ साली, याच तालुक्यातील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. सेनापती बापट त्याचे नेते होते. १९२४ पर्यंत लढा संपला, धरण झाले, गावे बुडाली. त्या वेळी जमीन कोणी उधळपट्टीने घालवली नव्हती. तेव्हा ‘विकली म्हणून गेली’ हे सूत्र तालुक्याच्या इतिहासाला अर्धेच लागू पडते. आणि त्याही मागच्या गावाला गावकूस होते, कुसाबाहेर वस्ती होती. तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न बागुलांच्या कथेकडेच आपल्याला परत नेतो.

५

म्हणजे वस्तीविषयीची हळहळ सर्वस्वी खोटी समजायची काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. संपकाळात शेजाऱ्याने दिलेले पीठ खरे असते, आणि कुलूप न लावलेले दारही खरे असते. स्मरणरंजनावर टीका करणाऱ्या समीक्षेने या गोष्टी भ्रम ठरवल्या तर ती बिल्डरच्या जाहिरातीला नकळत साथ देईल, कारण जाहिरातीलाही जुने शेजार मोडीत काढायचेच असतात. हळहळ नाकारण्याचे कारण नाही. तिचा पत्ता मात्र विचारला पाहिजे : ती कोणत्या खोलीतून, कोणत्या ओसरीवरून, कुसाच्या कोणत्या बाजूने येते?

कासार आंबोलीत हा प्रश्न विचारायचा तर निवेदकांची वाण नाही. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा १९९७ पासून याच गावात आहे. मुलीची सुरक्षितता म्हणजे तिच्यावरची नजर, हे गॅलरीचे समीकरण बदलून ती तिच्या अंगच्या शिस्तीत आणि बळात शोधण्याचा विचार या शाळेच्या कल्पनेतच आहे, आणि तोही आवारात राहून. त्या आवाराच्या आतून गाव कसे दिसते? दुसरीकडे, येथून जवळच उरवडे येथील एका रासायनिक कारखान्यात ७ जून २०२१ रोजी लागलेल्या आगीत पंधराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. वस्तीच्या सुरक्षिततेची आपली सगळी चर्चा चोर, गुंड आणि परके यांच्याभोवती फिरत असताना या मृत्यूंना तिच्यात जागा मिळत नाही. त्यांच्यासाठी ‘परिसर बिघडला’ असे कोणी म्हणत नाही. उलट, कारखाने आले म्हणून परिसर सुधारला, असेच म्हटले जाते.

मुळशीची कादंबरी लिहिली जाईल तेव्हा तिला या दोन्ही क्रियापदांशी झुंजावे लागेल. फाटकावरचा राखणदार, भाड्याच्या खोलीत राहून कारखान्यात जाणारी बाई, सैनिकी शाळेतली मुलगी आणि गुंठे विकून बसलेला म्हातारा यांच्या एकाच दिवसाच्या चार हकिकती परस्परांशी जुळणार नाहीत, आणि त्या जुळवून घेण्याचा मोह लेखकाला आवरावा लागेल. समीक्षेचे काम त्याआधीच सुरू होते. ‘वस्ती बिघडली’ हे वाक्य यापुढे जेथे भेटेल, मग ते कथेत असो वा गृहसंस्थेच्या सभेत, तेथे व्याकरणाच्या जुन्या मास्तरांप्रमाणे आपण एवढेच विचारावे : या वाक्याचा कर्ता कोण?