बाटलीवरची समीक्षा

समीक्षा फक्त पुस्तकांची होते, असा आपल्याकडे एक समज आहे. वास्तविक एखाद्या पदार्थाची चव सांगणारी दोन वाक्ये हीसुद्धा समीक्षाच होय, आणि तिलाही खरेखोटेपणाची कसोटी लावता येते. हे माझ्या ध्यानात आले ते गेल्या हुरड्याच्या दिवसांत, चितेगावच्या शेतावर.

छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. आता ते कारखान्यांमुळे ओळखले जाते. तरी ज्वारीची शेते आहेत. स्वित्झर्लंडमध्ये नोकरीला असलेला भाचा रजेवर आला होता. त्याने पिशवीतून तांबड्या वाईनची बाटली काढली, तशी वडील मंडळी क्षणभर गप्प झाली. आमच्या घराला द्राक्षासव ठाऊक ते वैद्याच्या चमच्यापुरते!

वाईनचे नाव 'दोल'. ऱ्होन नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या व्हॅले प्रांताची ही वाईन. मुख्यतः पिनो न्वार आणि गामे या द्राक्षांची. स्विस लोक आपली वाईन बहुतेक घरीच संपवतात. शंभरातली एखाददुसरी बाटली काय ती देशाबाहेर जाते. बाटलीच्या पाठीवर छापले होते : चेरी, रासबेरी आणि किंचित मिऱ्याचा स्वाद, सोबत वाळवलेले मांस, चीज किंवा अळंबी. भाच्याने वाचून दाखवले आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकानेही रासबेरी चाखलेली नव्हती.

तो मजकूर खोटा होता असे मात्र नव्हे. व्हॅलेत शरद ऋतूत चेस्टनट पिकले म्हणजे लोक ते विस्तवावर भाजतात आणि चीज, वाळवलेले मांस व द्राक्षे यांच्याबरोबर खातात. तो त्यांचा हुरडाच म्हणा ना! त्या विस्तवाभोवती बसणाऱ्याला बाटलीवरचा शब्द न् शब्द पटेल. चूक होती ती आमच्या माना डोलावण्याची.

मग आमच्या थोरल्या वहिनींनी जिभेच्या टोकाला थेंबभर लावून पाहिला आणि म्हणाल्या, "तुरट आहे हो, भाऊजी. जांभळासारखी."

माझ्या मते त्या दिवसाची खरी समीक्षा ती हीच. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत जो तुरटपणा असतो, तोच तांबड्या वाईनचा कणा. तो लाळेतल्या प्रथिनांना धरतो, म्हणून तोंड कोरडे पडते. आणि म्हणूनच चीज किंवा मांस सोबत असले की तो मवाळ वाटतो. बाटलीवरच्या सल्ल्यामागचे कारण हेच. आणि तुरट तर आपल्या षड्रसांपैकी एक! ज्या चवीला आपल्याकडे पोराबाळांनाही ठाऊक असलेला शब्द आहे, तिच्यासाठी आपण रासबेरीच्या दारात उभे राहावे?

नंतर आम्ही आमच्या पानावरच्या पदार्थांशी ती ताडून पाहिली. लसणाच्या चटणीबरोबर जीभ अधिकच पेटली. मद्यार्काने तिखटाचा दाह वाढतोच. गुळाच्या खड्यावर ती आंबट लागली. नुसता हुरडा आणि भाजके शेंगदाणे यांच्याशी तिचे जमले. पण खरी मैत्री झाली ती निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याच्या, तिखट न घातलेल्या भरताशी. धुराचा वास दोघांना जोडून गेला. हे बाटलीवर कोठेच नव्हते. असणार तरी कसे?

द्राक्ष आपल्याला परके नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली आहे. वर्षातून दोनदा पीक येते, असे तो सांगतो. आज नाशिककडे वाईन होते. पण तिथल्याही बाटल्यांवर पुष्कळदा चेरी आणि प्लमच वाचायला मिळतात. करवंद, जांभूळ, कोकम यांना तिथे जागा नाही. पीक आपले, माती आपली, आणि जीभ तेवढी उसनी!

वाचकांनी बाटली उघडावी असे मी मुळीच सुचवीत नाही. आमच्या वहिनींनीही दुसरा थेंब घेतला नाही. परंतु उद्या फराळाचे ताट पुढे येईल, तेव्हा पाकिटावर काय छापले आहे हे वाचण्याआधी चकलीचा एक तुकडा तोंडात टाकावा आणि घरातल्या सर्वांत धाकट्याला विचारावे, "कशी लागते रे?" तो जो पहिला शब्द उच्चारील, तो नीट ऐकून ठेवावा.