युद्धकाळातली फिरती नाटके आणि घाटाखालचा मुलूख

दुसरे महायुद्ध सप्टेंबर 1939 मध्ये सुरू झाले तेव्हा मराठी फिरती रंगभूमी अगोदरच मोडकळीला आलेली होती. तिच्या पडझडीचे खापर युद्धावर फोडण्याची सवय नाट्येतिहासाच्या पुस्तकांतून अधूनमधून दिसते, पण तारखा तपासल्या की ती टिकत नाही. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट 1932 चा. त्यानंतरच्या पाचेक वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांचे संसार विस्कटले. बालगंधर्व 1935 मध्ये ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथ म्हणून उभे राहिले. मास्टर दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी कर्जात बुडाली. ललितकलादर्श चालवणारे बापूराव पेंढारकर 1937 मध्ये वारले. गावोगावची नाट्यगृहे एकापाठोपाठ एक चित्रपटगृहे झाली, आणि मुक्कामाला जागाच उरली नाही.

मुक्काम हा त्या व्यवसायाचा कणा होता. कंपनी म्हणजे नट, गवई, साथीदार, पडदे रंगवणारे, आचारी, पाणक्ये आणि त्यांची बायकापोरे मिळून झालेले एक चालते गाव. पुण्यात, सांगलीत, कोल्हापुरात, नागपुरात, बेळगावात, बडोद्यात, इंदुरात ते आठवड्याचे आठवडे बिऱ्हाड करून राही. आठवड्यातून दोनतीन प्रयोग, बाकीचे दिवस तालमी आणि पंगती. गल्ला पडला तर सावकार गप्प, नाही पडला तर पडद्यांच्या ट्रंकाच गहाण. हा हिशोब जमण्यासाठी गाव पुरेसे मोठे, पैसेवाले आणि संगीताचे शौकीन असावे लागे. म्हणून कंपन्यांच्या वाटेवर असलेली, पण कंपनी कधी उतरली नाही अशी गावे पुष्कळ होती. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातला कर्जत आणि खालापूरचा पट्टा त्यांतलाच.

या पट्ट्याची गंमत अशी की मुंबई-पुण्याच्या नाट्यव्यवसायाचा सगळा रहदारीचा रस्ता त्याच्या अंगणातून जाई. बोरघाटाची रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली तेव्हापासून पुण्याकडे चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारे इंजिन लावायला कर्जतला थांबावे लागे. मोटाररस्ताही चौक, खालापूर, खोपोली करत घाट चढतो. मुंबईतला प्रयोग उरकून पुण्याला निघालेली नटमंडळी कर्जतच्या फलाटावर चहा पीत आणि पुढे जात. कंपनीने उतरून तंबू ठोकावा इतकी वस्ती नव्हती, इतका पैसा नव्हता. भाताची शेती, खोतसावकारांच्या कर्जाखालची कुळे, डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्या आणि रेल्वेची व वीज कंपनीची नोकरमंडळी असा तो समाज होता.

वीज कंपनीचा मुद्दा नाटकाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले, कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे 1922 मध्ये. घाटमाथ्यावर साठवलेले पाणी खाली सोडायचे, जनित्रे फिरवायची आणि वीज तारांवरून मुंबईकडे धाडायची. मुंबईच्या गिरण्या, आणि ओघाने तिथली नाट्यगृहे, या विजेवर उजळत. तारेखालच्या खेड्यात मात्र उत्सवाचे नाटक गॅसबत्तीच्या उजेडात होई, आणि युद्धात रॉकेल मिळेनासे झाल्यावर तीही बत्ती जपून लावावी लागे.

युद्धाने नाटकाच्या व्यवहारात काय बदलले, ते दोन टप्प्यांत पाहावे लागते. 1941 च्या अखेरीपर्यंत मुंबईला युद्ध वर्तमानपत्रातच भेटत होते. त्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि सिंगापूर, रंगून पडताच शहरात घबराट पसरली. दिव्यांवर बंधने आली, अनेक कुटुंबे गावी गेली. रेल्वेच्या गाड्या लष्कराच्या कामाला लागल्या, पेट्रोल शिधावाटपात गेले आणि काही मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. कागद नियंत्रणाखाली आला, कापड महागले. ज्या कलेला पडदे, पोशाख, छापील जाहिराती आणि मालगाडीचा डबा लागतो तिला यापेक्षा वाईट काळ कोणता?

तरीही 1942 नंतर मुंबईत नाटक सावरले. यामागची कारणे कलेची कमी आणि पैशाची जास्त होती. गिरण्या, गोदी, लष्करी पुरवठा यांनी शहरात रोख पैसा खेळू लागला. दुसरीकडे कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे सरकारने चित्रपटांची लांबी 11,000 फुटांवर आणली आणि फिल्मच्या वाटपावर परवाने बसवले. दहा वर्षे नाटकाला खाऊन टाकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचे हात थोडे बांधले गेले.

नाटककार मो. ग. रांगणेकरांनी नाट्यनिकेतन ही संस्था काढली ती याच्या थोडी आधी, 1941 मध्ये. ‘आशीर्वाद’ त्याच वर्षीचे. 1942 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ‘चले जाव’च्या धामधुमीत, ‘कुलवधू’ रंगभूमीवर आले. ज्योत्स्ना भोळे यांची भानुमती आणि मास्टर कृष्णरावांच्या चाली यांनी हे नाटक गाजले. चित्रपटात काम करून घर चालवणारी बायको आणि तिच्या मिळकतीने दुखावलेला नवरा हा विषय मध्यमवर्गाच्या उंबऱ्यातला होता. रचना त्याहून महत्त्वाची. पाच अंकांचे तीन झाले, सतराशे साठ पडद्यांऐवजी एक दिवाणखाना आला, पदे मोजकी आणि आटोपशीर झाली, स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. या सुधारणांची सुरुवात नाट्यमन्वंतरने 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ने केलीच होती, पण त्या संस्थेला प्रेक्षक टिकवता आला नाही. रांगणेकरांनी तोच नवेपणा गल्ल्याला मानवेल इतका गोड करून दिला. युद्धकाळाला तो सोयीचाही ठरला. एका सेटचे, थोड्या माणसांचे, लवकर संपणारे नाटक टंचाईच्या दिवसांत परवडते.

रांगणेकरांच्या नाटकांना समीक्षकांनी हलकी म्हटले आहे आणि ते खोटे नाही. त्यांतला संघर्ष तिसऱ्या अंकात शेवटी घराच्या चौकटीत निमूट बसतो. ‘कुलवधू’चा विषय जितका धीट, तितका बाकीच्यांचा नाही. पण दारात युद्ध आणि घरात रेशनकार्ड असताना लिहिलेल्या या नाटकांत युद्धाचा मागमूस इतका थोडा आहे की तोच एक पुरावा ठरतो. 1876 चा नाट्यप्रयोग कायदा आणि त्यावर भारत संरक्षण नियम असताना राजकीय नाटक करणे म्हणजे गल्ल्यासकट मंडळी पोलिसांच्या हाती देणे होते. घरगुती सुखदुःख हा त्या काळातला सर्वांत सुरक्षित विषय होता.

फिरतीच्या अंगाने पाहिले तर खरा बदल कंत्राटात झाला. कायम पगारी नटांची कंपनी गेली आणि कंत्राटदार आला. तो गावातले थिएटर एका रात्रीपुरते घेई, नामवंत नटांना प्रत्येकी ‘नाइट’, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, ठरवून बोलावी, गाजलेले जुने नाटक लावी आणि सकाळी हिशोब मिटवून मोकळा होई. नट वेगवेगळ्या गाड्यांनी येत, कधी तालीम न करताच उभे राहत. प्रॉम्प्टर नाटक तोलून धरी. प्रयोगाची घडण ढासळली हे उघडच आहे. ‘एकच प्याला’तली एका नटाची ‘सिंधू’ दुसऱ्याच्या ‘सुधाकरा’ला त्या संध्याकाळी पहिल्यांदा भेटे. पण ही पद्धत नसती तर 1940 नंतर मुंबई-पुण्याबाहेरच्या प्रेक्षकाला नामवंत नट दिसलाच नसता. भालचंद्र पेंढारकरांनी 1942 मध्ये ‘सत्तेचे गुलाम’ घेऊन ललितकलादर्श पुन्हा उभी केली, हा त्या काळातला अपवाद.

कंत्राटी प्रयोगांना जुनी नाटकेच का लागत? सगळ्यांना पाठ होती म्हणून. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 मध्ये गंधर्व मंडळींनी आणले आणि पुढची तीस वर्षे ते कुणाच्याही मालकीचे राहिले नाही. अतिनाट्याचे, म्हणजे मेलोड्रामाचे, सगळे गुणदोष त्यात एकवटले आहेत: पतिव्रता आणि व्यसनी नवरा, तान्हे मूल, विषाचा प्याला, लांबलचक स्वगते, आणि विनोदासाठी तळीरामाचे मंडळ. इंग्लंडमधल्या प्रांतिक थिएटरांत ‘ईस्ट लिन’सारख्या रडक्या नाटकांनी जे काम केले तेच मराठीत या नाटकाने केले. फरक भाषेचा. गडकऱ्यांची वाक्ये नट चुकला तरी उभी राहतात. नेपथ्य, संगीत, दिवे सगळे काढून घेतले तरी आवाजाच्या जोरावर प्रेक्षकाला रडवतात. मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाने 1939 च्या ऑगस्टमध्ये दारूबंदी आणली तेव्हा नाटकाला आणखी एक ताजे निमित्त मिळाले. ते मंत्रिमंडळ युद्धाच्या प्रश्नावरच त्या वर्षाअखेर बाहेर पडले.

कंत्राटदारही जिथे जाईना अशा मुलखात हेच नाटक हौशी मंडळींच्या हाती आले, आणि घाटाखालच्या गावांची गाठ पडते ती या रंगभूमीशी. कोकणपट्टीतल्या हौशी नाटकाची पद्धत ठरलेली होती. गणपतीत किंवा गावदेवीच्या उत्सवात शाळामास्तर, तलाठी, दुकानदार आणि मुंबईहून रजेवर आलेले गिरणीकामगार मिळून नाटक बसवत. ड्रेपरीवाल्याकडून पोशाख आणि पडदेवाल्याकडून महाल-जंगल-रस्ता भाड्याने येत. देवळापुढे किंवा शाळेच्या ओट्यावर बाकांचा रंगमंच होई. बायकांची कामे मिसरूड न फुटलेली पोरे करत. पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगाला तिकीट नसे, वर्गणी असे. अशा प्रयोगांची नोंद कुणी ठेवत नसे, त्यामुळे नाट्येतिहास त्यांना वगळतो. हे वगळणे इतिहासाला फार महागात पडले आहे. ज्या काळाला पुस्तके ‘रंगभूमीचे अंधारयुग’ म्हणतात त्या काळात नाटक पाहिलेल्या मराठी माणसांपैकी किती जणांनी ते नाट्यगृहात पाहिले आणि किती जणांनी देवळाच्या अंगणात, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

युद्धाच्या वर्षांत हा हौशी उत्सवही अडखळला. कर्जत तालुक्यात तर त्याहून मोठी गोष्ट घडत होती. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, भाई कोतवाल, यांनी 1942 मध्ये ‘आझाद दस्ता’ उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचा मार्ग धरला. गिरण्या आणि रेल्वे बंद पडाव्यात हा हेतू होता. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. ज्या मुलखात पोलीस गावोगाव हिंडत होते तिथे रात्रीच्या जमावाला परवानगी मागणे सोपे नव्हते. या घटनेवर त्या वेळी व्यावसायिक नाटक निघणे शक्यच नव्हते. तिच्यावरचा ‘शहीद भाई कोतवाल’ हा चित्रपट 2020 मध्ये आला.

राजकीय आशय रंगमंचावर आणण्याचे काम दुसऱ्याच लोकांनी केले. इप्टाची, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची, स्थापना 1943 च्या मे महिन्यात मुंबईत झाली. अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, आणि पुढच्या वर्षी अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. त्यांना पडदे लागत नव्हते, तमाशाचा बाज होता आणि गिरणगाव हा हुकमी प्रेक्षक होता. कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हटल्यामुळे त्यांना काही काळ मोकळीक मिळाली आणि बेचाळीसच्या चळवळीतल्या लोकांचा रागही सोसावा लागला. कला म्हणून पाहता, फिरत्या रंगभूमीचे हलके सामान आणि थेट बोलणे या दोन्ही गुणांत कलापथके नाटक कंपन्यांच्या कितीतरी पुढे होती.

इंग्लंडशी तुलना केली तर सरकारचा वाटा डोळ्यांत भरतो. तिथे युद्ध सुरू होताच सारी थिएटरे बंद झाली, पण काही आठवड्यांतच उघडली. लंडनवर बाँब पडू लागले तेव्हा ओल्ड विक कंपनीने आपले बिऱ्हाड लँकशायरमधल्या बर्नली या गिरण्यांच्या गावी हलवले. सिबिल थॉर्नडाइक आणि लुईस कॅसन हे नटदांपत्य वेल्सच्या खाणकामगारांच्या वस्त्यांत ‘मॅकबेथ’ घेऊन फिरले, आणि त्याला सरकारी पैशाचा आधार होता. मुंबई इलाख्यात सरकारचा नाटकाशी संबंध 1923 च्या करमणूक करापुरता आणि संहिता तपासणाऱ्या पोलिसांपुरता होता. बर्नलीला जे मिळाले ते खोपोलीला मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

तरी संस्थात्मक उभारी आली ती युद्धातच. ‘सीतास्वयंवर’ या पहिल्या मराठी नाटकाला शंभर वर्षे झाली म्हणून 1943 मध्ये सांगलीला शताब्दी साजरी झाली, नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष वि. दा. सावरकर होते. मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने पुढच्या वर्षी मुंबईत महोत्सव भरवला आणि जुन्या नटांना पुन्हा उजेडात आणले. या उत्सवांनी नाटकाला प्रतिष्ठा परत दिली, पण तिचा पत्ता कायमचा गिरगाव आणि पुणे असा करून टाकला. 1954 पासूनच्या राज्य नाट्यस्पर्धेने हौशी मंडळींना व्यासपीठ दिले खरे, मात्र स्पर्धेसाठी बसवलेले नाटक परीक्षकांकडे पाहून बसवले जाते. गावदेवीपुढचे नाटक गावाकडे पाहून.

अतिनाट्य आजही पोटापाण्यासाठी फिरते ते विदर्भाच्या झाडीपट्टीत. वडसा इथून मंडळी निघतात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलशर्यतींच्या, आणि मंडईच्या दिवसांत रात्रभर प्रयोग होतात, आणि तिथला प्रेक्षक अजून मोठ्याने रडतो. कर्जत-खालापुरात असे काही उरले नाही. चांगले व्यावसायिक नाटक पाहायचे तर ठाण्याच्या, 1978 पासूनच्या, गडकरी रंगायतनला किंवा कल्याणच्या अत्रे रंगमंदिराला जावे लागते, आणि रात्रीचा प्रयोग असेल तर शेवटची खोपोली लोकल साधायला तिसरा अंक अर्ध्यावर सोडावा लागतो. उलट दिशेने मात्र एक गोष्ट आली. खालापूर तालुक्यात चौकजवळ कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी 2005 मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला, ‘जोधा अकबर’चे महाल तिथे उभे राहिले आणि ‘राजा शिवछत्रपती’ मालिकाही तिथेच झाली. युद्धकाळात भाड्याने येणारे महाल आणि रस्ते तालुक्यातच तयार होऊ लागले, आणि सुतार, रंगारी, गर्दीतली माणसे आसपासच्या गावांतून कामाला जाऊ लागली.